फ्रीजपुढे उभी राहणारी बाई

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आजही न्यू जर्सीतल्या पार्सिपनीच्या काकांचंच नाव घेतो. आईवडिलांचं सोडा, त्यांचे उपकार मोजायचे नसतात. काका माझे कोणी नव्हते, आणि तरी त्यांनी मला घरात ठेवून घेतलं. हे आधीच लिहून टाकतो. पुढचं सगळं मी रागाने लिहिणार आहे, आणि रागात हा मागचं विसरला असं कोणी म्हणायला नको.

नाव घेतो म्हटलं, पण इथे छापणार नाही. कोणाचंच छापणार नाही. हा सगळा मजकूर एका माणसाचं नाव गाळलं गेलं त्याबद्दल आहे, आणि त्याच माणसाने मला बजावलंय, "माझं नाव नाटकाखाली घाल. तक्रारीखाली घालू नकोस."

मी बुलढाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा. वडील मंडपाच्या कामावर होते. लग्न असो, सप्ताह असो, पुढाऱ्याची सभा असो. बांबू रोवायचे, कनात बांधायची, कार्यक्रम संपला की सोडायची. शाळा जिल्हा परिषदेची. घरात पदवीपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे माझं इंजिनिअरिंग हे सगळ्या घराचं इंजिनिअरिंग होतं. आई अजून "आम्ही इंजिनिअर झालो तेव्हा" असं म्हणते. पुण्यात नोकरी लागली, कंपनीने न्यू जर्सीला पाठवलं, आणि दुसऱ्या हिवाळ्यात आमची अख्खी टीम काढून टाकली. इथे वर्क व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की दोन महिन्यांत दुसरी शोधायची, नाहीतर सामान आवरून परत जायचं.

काका मला इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीला भेटले. तिळगूळ हातावर ठेवत म्हणाले, "काय रे, गोड बोल म्हटलं तर हा बोलतच नाही." मी काय झालं ते सांगितलं. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो एवढाच, "अपार्टमेंटचं लीज कधी संपतंय? सोड ते. मुलगी कॉलेजला गेल्यापासून आमचं बेसमेंट रिकामं आहे."

त्या बेसमेंटमध्ये मी राहिलो. काकू वरून हाक मारायच्या, "खाली अंधारात काय करतोस, वर ये, भाकरी झाल्यात." काका ऑफिसातून आले की जेवणाआधी माझा इंटरव्ह्यू घ्यायचे. मी म्हणायचो, "आमच्या टीमने हे केलं, आम्ही ते केलं." ते टेबलावर हात आपटायचे. "आम्ही कोण? तू काय केलंस ते सांग. आपलं काम आपल्या नावावर घ्यायला शीक. इथे नाव सांगितलं नाहीस तर कोणी आपण होऊन देत नाही." नोकरी लागली तीही त्यांच्याच एका जुन्या सहकाऱ्याच्या ओळखीने. त्यांचं ते वाक्य मी विसरलो नाही. ते विसरले.

नव्या नोकरीत मॅनेजर म्हणाली, तुझं काम छान आहे, पण तू सांगायला लागलास की लोक फोन काढतात. तिथल्या पब्लिक लायब्ररीत एक फुकट वर्ग चालायचा, विनोद कसा लिहावा आणि कसा सांगावा. नाव घातलं. वर्गात निवृत्त झालेल्या चार-पाच बायका, एक दातांचा डॉक्टर आणि मी. शिकवणारे गृहस्थ ऐंशीच्या पुढचे, उंच, पाठीत वाकलेले, कोट मात्र इस्त्रीचा. त्यांनी प्रत्येकाला एक विनोद सांगायला लावला. माझ्या विनोदाला कोणी हसलं नाही.

"विनोद चांगला आहे," ते म्हणाले. "पण तू तो माफी मागत सांगितलास. लोक माफ करायच्या नादात हसायचं विसरले."

त्यावर सगळे हसले. मीही.

वयामुळे ते आता गाडी चालवत नसत, म्हणून वर्ग सुटला की मी त्यांना घरी सोडायचो. मी "सर" म्हणायचो, ते मला "इंजिनिअर" म्हणायचे. "सर नको म्हणूस," ते म्हणाले, "मला सैन्यातसुद्धा कोणी सर म्हटलं नाही. मी बटाटे सोलायला होतो." मला जमलं नाही. आमच्या शाळेत गुरुजींना नावाने हाक मारली असती तर छडी मिळाली असती.

लायब्ररी ते त्यांचं घर, एवढ्या रस्त्यात मला त्यांचं आयुष्य कळत गेलं. ओहायोतल्या लहान गावात वडिलांचं धोब्याचं दुकान. घरात पुस्तक एकच, ते देवाचं. सैन्याच्या भटारखान्यात त्यांनी नाताळसाठी पहिली नाटुकली लिहिली. तिच्यात बटाटेच संप करतात. मग न्यूयॉर्क. दिवसा बुटांच्या दुकानात नोकरी, रात्री एका उतरत्या वयाच्या हास्यनटासाठी विनोद लिहून द्यायचे. तो नट ते स्वतःचे म्हणून सांगायचा.

"राग नाही आला?" मी विचारलं.

"कशाला येईल? ते मी विकले होते. विकलेलं आणि उचललेलं यांत फरक असतो, इंजिनिअर."

त्यांचं एक नाटक ब्रॉडवेवर लागलं आणि आठवडाभरात उतरलं. एका समीक्षकाने लिहिलं, निरुपद्रवी. हा शब्द त्यांनी मला निदान दहा वेळा ऐकवला असेल. "निरुपद्रवी सरबत असतं," ते म्हणायचे. "मी लोकांना त्यांच्या आईवर हसवतो आणि मग घरी आईला फोन करायला लावतो. याहून जास्त उपद्रव काय करायचा?"

त्यानंतरचं सगळं आयुष्य छोट्या गावांत गेलं. उन्हाळ्यात जुन्या गोठ्यांची थिएटरं होतात तिथे, जेवता जेवता नाटक पाहायची सोय असते अशा हॉटेलांत, शाळांच्या जिममध्ये, चर्चच्या तळघरात. तिथे त्यांनी नाटकं लिहिली आणि बसवली. त्या हॉटेलांतला त्यांचा नियम मला फार आवडायचा: काट्याचमच्यांचा आवाज थांबल्याशिवाय विनोद टाकायचा नाही. बसवून झाल्यावर प्रयोगाला ते कधी रंगमंचाकडे पाहत नसत. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर तिरके बसायचे, तोंड प्रेक्षकांकडे. नट काय करणार ते त्यांना ठाऊक असायचं. लोक काय करणार ते पाहायचं असायचं.

आणि रागीट होते. पेन्सिल्व्हेनियातल्या एका शाळेने त्यांच्या नाटकाचा शेवट बदलला. न विचारता. सगळी पात्रं एकमेकांना मिठी मारतात असं केलं. हे स्वतः गाडी चालवत तिथे गेले, तिकीट काढून बसले, आणि मिठ्या मारून झाल्यावर उठून उभे राहिले. प्रेक्षकांना म्हणाले, माफ करा, हे असं संपत नाही, आणि खरा शेवट जागच्या जागी करून दाखवला.

"पोलीस आले का?"

"मुख्याध्यापिका आली. पोलीस परवडले."

ते नाटक फ्रीजचं. ओहायोतल्या एका कुटुंबाच्या घरी चुकून भलामोठा फ्रीज येऊन पडतो. घरातली माणसं इतकी सभ्य की परत न्या म्हणायचं धाडस कोणाला होत नाही. मग एकेक जण त्यात गुपचूप काहीतरी लपवायला लागतो. आजोबा डॉक्टरांनी बंद केलेलं खाणं ठेवतात, मुलगा तोंड दाखवण्यासारखा नसलेला निकाल ठेवतो, बाप दारू, सून सासूने दिलेली न आवडलेली वस्तू. कंपनीची माणसं फ्रीज न्यायला येतात तेव्हा कोणी तो उघडू देत नाही. दोन तास लोक हसतात. शेवटी दार उघडतंच, सगळ्यांचं सगळं बाहेर येतं. आईचा कप्पा मात्र रिकामा. तू काय ठेवलं होतंस, सगळे विचारतात. ती काही बोलत नाही. त्या उघड्या दारापुढे जाऊन उभी राहते, डोळे मिटते, गार हवा अंगावर घेते. एवढंच. दिवसभर चुलीपुढे असलेली बाई रोज दोन मिनिटं तिथे नुसती उभी राहत होती. थिएटर चिडीचूप होतं आणि पडदा पडतो.

"त्या शांततेसाठी मी दोन तास हसवतो," सर म्हणाले. "पण ती माझी नाही. मी तिथे भाषण लिहिलं होतं. लांबलचक. आई सगळ्यांना सुनावते असं." तालमी भर उन्हाळ्यात एका गोठ्यात चालल्या होत्या, पत्रे तापलेले, रंगमंचावर खरा फ्रीज. आईचं काम त्यांची बायको करत होती. भाषणाची जागा आली आणि ती बोललीच नाही. दार उघडून उभी राहिली. त्यांना वाटलं, विसरली. ते ओरडले. तिने डोळे न उघडता हात वर केला, म्हणजे थांब. "मी थांबलो. मग भाषणाचं पान फाडलं."

बाई आता नाहीत. छापील नाटकाच्या पहिल्या पानावर लेखकाच्या नावाखाली एक ओळ आहे: शेवट माझ्या पत्नीचा.

त्या नाटकाची एक प्रत त्यांनी मला दिली. मी ती काकांना दिली. काका मंडळाचे नाटककार. दर गणपतीत त्यांचं नाटक असतंच. पुण्यात असताना त्यांच्या दोन एकांकिका स्पर्धेतून परत आल्या होत्या, ते शल्य त्यांना होतं. मला वाटलं, त्यांच्याइतकं हे नाटक कोणाला आवडणार? आठवडाभराने त्यांनी पुस्तक परत केलं. म्हणाले, "छान आहे. जरा कोरडं आहे, पण छान आहे." मग मला प्रोजेक्टसाठी टेक्ससला जावं लागलं आणि मी मंडळापासून चार महिने तुटलो.

परत आलो तो गणपतीतच. सरांचं बरेच दिवस चाललं होतं, तुमची माणसं कशावर हसतात ते मला पाहायचंय. त्या शनिवारी मी त्यांना घेऊन गेलो. मंडळाने शाळेचं ऑडिटोरियम भाड्याने घेतलं होतं. आरती झाली, मुलांचे नाच झाले, सरांनी दोन मोदक खाल्ले आणि तिसरा रुमालात बांधून घेतला. मग काकांचा सत्कार. शाल, नारळ. निवेदिका म्हणाली, "आपल्या सगळ्यांचे लाडके लेखक-दिग्दर्शक, आणि याही वर्षी त्यांच्याच लेखणीतून उतरलेलं नवंकोरं नाटक."

"तो नारळ म्हणजे बक्षीस का?" सरांनी कानाशी विचारलं.

"मान असतो."

"मला या धंद्यात खाण्यासारखं कधी काही मिळालं नाही."

ते त्यांच्या सवयीने तिसऱ्या रांगेत कडेला बसले, तिरके, लोकांकडे तोंड करून. माझ्या शेजारच्या मावशींनी विचारलं, "यांना मान वळत नाही का?" पडदा उघडला. रंगमंचाच्या मधोमध फ्रीज होता.

मला आधी वाटलं, योगायोग असेल. मग कुरियरवाला आला, घरातले लोक "अहो, कशाला, असू द्या" म्हणायला लागले, आजोबांनी धोतराच्या सोग्यात लपवून बासुंदीचं पातेलं आणलं, आणि मला कळलं. गाव नाशिक केलं होतं, नावं बदलली होती, आजोबांचं मधुमेहावरून बोलणं नवीन होतं. बाकी सगळं तेच, त्याच क्रमाने. मी सरांकडे पाहिलं. ते रंगमंचाकडे पाहत नव्हते, त्यांना मराठीचा एक शब्द कळत नव्हता. मी मनात म्हणालो, कळणार नाही. मी तशी प्रार्थनाच करत होतो, गणपती समोरच होता.

पहिला मोठा हशा आला. सरांनी मान किंचित वाकडी केली. दुसरा आला. तिसऱ्याच्या आधी त्यांनी गुडघ्यावरचं बोट उचललं, आणि ते खाली आलं त्या क्षणी हॉल हसला. पुढच्या वेळी पुन्हा बोट वर, बोट खाली, हशा. आयुष्यभर ज्यांनी या नाटकाचे हशे ऐकले होते, त्यांना शब्दांची गरज नव्हती. गाडीचा हॉर्न ऐकून घरातलं कुत्रं मालकाला ओळखतं तसं त्यांनी ते ओळखलं. ते माझ्याकडे वळून पाहीनात. मी त्यांच्याकडे पाहू शकेना.

शेवट जवळ आला तेव्हा ते सरळ झाले आणि पहिल्यांदाच रंगमंचाकडे तोंड करून बसले. आईचं काम काकू करत होत्या. दार उघडलं गेलं, एकेकाच्या वस्तू बाहेर आल्या. आईचा कप्पा. काकूंनी आतून मुलांच्या लहानपणीच्या कुंच्या काढल्या. हो, कुंच्या. फ्रीजमधून. मग फ्रीजकडे पाठ करून, लोकांकडे तोंड करून, त्यांनी संस्कारांवर, परदेशावर आणि आईच्या मायेवर भाषण म्हटलं. मागून बासरी वाजत होती. बायका डोळे पुसत होत्या. टाळ्यांचा कडकडाट झाला.

सरांनी टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाले, "जिथे गप्प बसायचं तिथे टाळ्या वाजवल्या."

ते उठतील असं मला वाटलं. त्या शाळेत उठले होते तसे. ते बसून राहिले. मी त्यांना चहा आणून दिला आणि मागे गेलो.

एका वर्गात मेकअपचं चाललं होतं. काका खांद्यावर शाल आणि हातात नारळ घेऊन उभे होते. काकू आरशासमोर बसून कुंकू पुसत होत्या.

"ये ये. पाहिलंस ना? शेवटी अख्खा हॉल रडत होता."

"काका, हे त्यांचं नाटक आहे."

"कोणाचं?"

"मी पुस्तक दिलं होतं त्यांचं. ते बाहेर बसलेत."

काकांनी दाराकडे पाहिलं. "इथे आलेत? मग आधी सांगायचं नाही का रे, एक शाल जास्त मागवली असती."

"लेखक म्हणून तुमचं नाव जाहीर झालं."

"अरे, रूपांतर आहे ते. सांगाडा त्यांचा असेल, आत्मा आपला आहे. ओहायोत बासुंदी असते का? अशी आई असते का?"

"मग मूळ लेखक अमुक, रूपांतर तमुक, असं सांगायचं."

"यार, हे काय ब्रॉडवे आहे? शाळेचा हॉल आहे. नाटकावर जेवण फ्री आहे. आपल्याकडे कितीतरी नाटकं अशीच इकडून तिकडून आली, कोणी विचारलं? त्यांना तरी काय कळतंय, भाषा येत नाही."

"त्यांना कळलं."

"कसं?"

"हसण्यावरून."

काका हसले. मला त्यांचा खरा राग आला तो त्या हसण्याचा. "म्हणजे चांगलं बसवलं म्हणायचं मी."

"पहिल्या पानावर त्यांच्या बायकोबद्दल ओळ आहे, काका. शेवट तिचा आहे."

"वाचलीये मी," ते म्हणाले. "अरे पण तो शेवट आहे का? बाई नुसती उभी. लोकांना कळणार नाही संपलं की लाइट गेले." मग आवाज खाली आणून, शालीचं टोक सारखं करत, "हे बघ. तुला बेसमेंटमध्ये ठेवलं तेव्हा मी दारावर माझ्या नावाची पाटी लावली होती का? केलं आणि सोडून दिलं. तूही सोडायला शीक. जेव, पुलाव गार होतोय."

काकूंचा हात आरशासमोर थांबला होता. मी तसाच बाहेर पडलो. ज्या घरचं मी खाल्लं होतं त्याची आठवण मला त्या घरच्या माणसाने करून दिली होती, आणि आमच्याकडे त्यापुढे बोलायची पद्धत नाही.

गाडीत मी विचारलं, "सर, तुम्ही उठला का नाहीत?"

"त्या शाळेत मला भाषा येत होती," ते म्हणाले.

मग म्हणाले, "आईचं काम करणारी बाई कोण?"

"त्यांच्या मिसेस."

"तिचा त्या भाषणावर विश्वास नाही. शेवटी मी पाहत होतो. ती बोलत लोकांशी होती, पण हात मागे नेऊन फ्रीजचं दार शोधत होती." मग, "मला विचारलं असतं तर मी फुकट दिलं असतं. हे सगळ्यांत वाईट. फुकट मिळणारी वस्तू चोरतात तेव्हा माणसाला स्वतःची किंमत कळते." त्यांनी रुमालातला मोदक काढला, पाहिला, आणि परत बांधून ठेवला.

मी त्या रात्रीपासून आजवर धुमसतो आहे. निरुपद्रवी म्हणणारा तो समीक्षक एक, आणि "कोणाला कळतंय" म्हणणारे आम्ही दुसरे. विनोद लिहिणाऱ्याचं काही असतच नाही, तो हवेत असतो, ज्याने त्याने घ्यावा, असं आम्हाला वाटतं. गंभीर नाटक असतं तर काकांनी हजारदा विचार केला असता. आमची माणसं ऑफिसात कोणी आपली स्लाइड स्वतःच्या नावावर दाखवली तर आठवडाभर झोपत नाहीत. ईमेलमध्ये आपलं नाव सीसीत का टाकलं, टू मध्ये का नाही, यावर भांडतात. आणि एका म्हाताऱ्याचं आयुष्यभराचं काम घेताना म्हणतात, आत्मा आपला आहे. रिकाम्या कप्प्यात आत्मा होता. तो काढून तुम्ही कुंच्या ठेवल्यात.

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला. "माझ्यावर रागावलास का रे?"

"नाही, काकू."

"मी ते पुस्तक आधी वाचलं होतं. इंग्लिश जमतं तेवढं. मी ह्यांना म्हटलं, मला ते नुसतं उभं राहू द्या. मला ते येतं. मला शिकवावं लागणार नाही." त्यांनी मागचा टीव्ही बारीक केला. "हे म्हणाले, लोक खोकतील. ह्यांना शांतता सहन होत नाही, तुला माहितीये. घरी पण टीव्ही लावून ठेवतात." मग म्हणाल्या, "तुझ्या सरांना सांग, ती ओळ मी वाचली होती. त्यांच्या मिसेसची."

मी काकांना व्हॉट्सअॅपवर दोनदा सविस्तर लिहिलं. दोन्ही वेळा हात जोडल्याचं चित्र आलं. तिसऱ्या वेळी आलेल्या निरोपात त्यांनी आनंदाने कळवलं की मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमासाठी आपलं नाटक बोलावलं आहे. "सगळी टीम नेतोय. तूही चल, प्रॉपर्टीला माणूस हवा, फ्रीज उचलायला."

मी सरांकडे गेलो. आता काय करायचं ते विचारलं. नाटक बंद पाडा म्हणाले असते तर मी पाडलं असतं. ते म्हणाले, "करू दे की. लोक हसत होते. फक्त दोन गोष्टी सांग त्याला." त्या दोन गोष्टी मी लिहून काढल्या. चित्र पाठवून उत्तर देता येणार नाही म्हणून कागदावर लिहिल्या, आणि पोस्टाने पाठवल्या.

*

तीर्थस्वरूप काकांना,

नमस्कार.

तुम्ही मला घरात घेतलंत. तुम्ही नसतात तर मी आज गावी परत गेलेला असतो. हे मी कोणालाही, कुठेही, तुमचं नाव घेऊन सांगेन. उपकार करणाऱ्याने विसरावं असं तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे. पण घेणाऱ्याने विसरू नये, हेही तितकंच खरं. मी घेतलं ते कोणाकडून घेतलं हे मी सांगतो. तुम्ही घेतलंत ते कोणाकडून, हे तुम्ही सांगा. माझं मागणं एवढंच आहे.

तुम्ही मला जेवणाच्या टेबलावर शिकवलं होतंत की आपलं काम आपल्या नावावर घ्यायला शीक. ते सर ऐंशीच्या पुढचे आहेत, आणि अजून त्यांना हेच करावं लागतंय. तुम्ही त्यांना भेटला असतात तर तुम्हाला ते आवडले असते. ते तुमच्यासारखेच आहेत, टेबलावर हात आपटतात.

त्यांनी नाटक करायला परवानगी दिली आहे. त्याबद्दल काही द्यावं लागणार नाही. अटी दोन. पडदा उघडण्याआधी लेखक म्हणून त्यांचं नाव आणि शेवटासाठी त्यांच्या पत्नीचं नाव माइकवरून सांगायचं. रूपांतर म्हणून तुमचं नाव जरूर सांगा. बासुंदी खरोखर छान आहे, मी समजावून सांगितल्यावर तेही हसले. आणि शेवटी भाषण नको, कुंच्या नकोत, बासरी नको. काकूंना नुसतं उभं राहू द्या. त्यांना ते येतं असं त्या म्हणाल्या, आणि सरांनाही ते दुरून दिसलं होतं. लोक खोकतील तर खोकू द्या.

तुम्ही हे केलंत तर मी प्रॉपर्टीला येतो. फ्रीज एकटा उचलेन. वडिलांकडून तेवढं शिकलो आहे.

नाही केलंत तरी मी येणार आहे. ट्रॉयला यायला डेट्रॉईटचं विमानाचं तिकीट काढलं आहे. तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसेन. भाषण संपून टाळ्या थांबल्या की उठून उभा राहीन, लोकांची माफी मागेन, मग दोन्ही नावं सांगेन आणि हे नाटक खरं कसं संपतं ते करून दाखवेन. मला अभिनय येत नाही. पण मला भाषा येते.

काकूंना नमस्कार.

तुमच्या बेसमेंटमधला.

ता. क. खालच्या दाराची किल्ली अजून माझ्याकडे आहे. मागितलीत तर आणून देईन. मागितली नाहीत तर माझ्याकडेच ठेवतो.